जू पुजल्यावरचे दिवस

शेवटचं साधं काम आम्ही दोघांनी मिळून केलं, ते छकड्याच्या आखाला वंगण घालायचं. माझी बायको केवळा वाटी धरून बसली होती. एरंडीच्या तेलात जळक्या चिंधीची राख तिनंच कालवली होती. मी चाक फिरवायचो, ती बोटानं वंगण भरायची. मग कान लावायची आणि म्हणायची, "आजून बोलायलंय. फिरवा." चारपाच वेळा असं झालं. शेवटी चाक गप्प झालं. तिनं बोटं कडब्याला पुसली, आणि तेवढ्यात गोठ्यात उंदीर आला.

त्यानंतर आम्ही दोघांनी मिळून जे केलं त्यातलं एकही काम साधं नव्हतं. म्हणून हे आधी लिहिलं.

औंदा पुन्हा शंकरपटाचे दिवस आलेत. ज्वारी निघाली, रानं मोकळी झाली, की बैल पळवायची हौस अंगात येते. आता बैल टेंपोतून येतात. भोंग्यावर कोणीतरी आरडत असतो. मला फेटा बांधून मांडवात बसवतात, जुना पटकरी म्हणून. पोरं विचारतात, "बाबा, तुमच्या जोडीनं निशाण मारलं तवा अंतर किती व्हतं?" मी सांगतो. ती शिट्ट्या मारतात. पुढचं कोणी विचारत नाही, मीही सांगत नाही. माझं शिक्षण निजामाच्या राज्यातलं, उर्दू दुसरी. मराठी अक्षर मागून गिरवलं. तेव्हा चुकलं-माकलं असेल. पण खोटं नाही.

निशाण म्हणजे काय ते सांगतो. आमच्या भागात सात गावांचे पट लागायचे, एका गावाचा झाला की आठ-दहा दिवसांनी दुसऱ्याचा. सातांत जी जोडी जास्त पट मारील, तिच्या गावाला निशाण. भगव्या कापडाची लांब पट्टी आणि वेळूच्या टोकाला पितळी चंद्र. वर्षभर ते गावच्या देवळात राहायचं. आमच्या गावात ते कधीच आलं नव्हतं. म्हातारे म्हणायचे, आमच्या मातीत बैल चांगला पिकतो पण माणूस आळशी. त्या साली आम्ही तीन पट मारले होते आणि मानवतकडच्या एका कापूसवाल्यानं तीन. सातवा पट राहिला होता. मोठी लढाई चालू होती, घासलेट मिळत नव्हतं, कापड मिळत नव्हतं. पण बोरीच्या बाजारात माणसं बोलायची ती आमच्या बाज्या-लाल्या बैलांबद्दल. मला रस्त्यात थांबवून विडी द्यायची. तसलं काही मला आधी कधी मिळालं नव्हतं.

जोडी माझी, छकडा माझा. पण हाकणारा मुंजा, केवळाचा धाकटा भाऊ. अंगानं वाळका, लग्नाला आलेला, आणि बैलाच्या कानात बोलायची त्याला विद्या होती. सहाही पटांना त्यानं जिवावर उदार होऊन छकडा हाकला होता. एकदा पडून खांदा निखळला, तरी पुढच्या पटाला उभा.

आता उंदराचं. तो दिवसाढवळ्या आला. भिंतीच्या कडेनं नाही, मधूनच आला. दारू प्यायल्यासारखा. चाकाभोवती एक फेरी मारली, दुसरी अर्धी मारली, आणि बाजूला कलंडला. तोंडाशी थोडं रक्त. आम्ही दोघं बघत राहिलो.

आजच्या माणसाला सांगावं लागेल. त्या काळी उंदीर पडला म्हणजे गाठीचा ताप आला. आधी उंदीर मरायचे, मग माणसं. काखेत नाहीतर जांघेत गाठ यायची आणि तीन-चार दिवसांत खेळ खलास. म्हणून रीत अशी होती की ज्याच्या घरी उंदीर पडला त्यानं त्याच घटकेला पाटलाला सांगायचं. पाटील दवंडी पिटायचा. सगळं गाव सामान तिथंच टाकून माळावर झोपड्या करून राहायचं. आणि उंदीर पडलेल्या गावाची बैलगाडी दुसरं गाव शिवेच्या आत घेत नसे. पाव्हणाही घेत नसे. उंदराच्या अंगावरच्या पिसवा चावून रोग होतो, हे मला पुढं एका डॉक्टरनं सांगितलं. पण रोग कपड्यासंगं, कडब्यासंगं जातो, हे आम्हाला तेव्हाही ठाऊक होतं. मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही.

"पाटलाला सांगून या," केवळा म्हणाली.

"सांगतो."

"कवा?"

"पट झाला की."

"आवं, निघायला चार दिस हायेत."

"एकच तर हाय. म्हातारा झाला आसंल."

ती हसली. "उंदीर म्हातारा व्हऊन मरतुय व्हय? आपल्या मांजराला सांगा जाऊन, लय खूश व्हईल."

मी हसलो नाही. मी म्हणालो, "मुंजाचं काय? खांदा मोडून घेतला त्यानं. आता त्याला सांगू, घरी बस?"

हे मी जाणून बोललो. भावाचं नाव घेतलं की ती गप्प व्हायची. झालीच. मग म्हणाली, "उचला मंग."

"मी कसा उचलू? जू पुजलंय."

ही आमची रीत. पट पाच दिवसांवर आला की बैलांच्या जुवाला हळद लावायची, लिंबू बांधायचं, नारळ फोडायचा. ज्याच्या हातानं पूजा झाली त्यानं पट होईतोवर मेलेलं शिवायचं नाही. मयताला जायचं नाही. घरात रडगाणं बोलायचं नाही. त्या सकाळीच मी जू पुजलं होतं. हळद अजून नखात होती.

केवळानं माझ्या हाताकडं बघितलं. मग वंगणाच्याच बोटांनी तिनं उंदराची शेपटी धरली, उकिरड्यावर नेला आणि खुरप्यानं खड्डा करून पुरला. परत येऊन राखेनं हात धुतले. मी चाकाला टेकून उभा होतो. शुद्ध हातांचा.

पुढचे दिवस आठवतात ते आवाजावरून. म्हणजे आवाज नव्हता त्यावरून. आमच्या घरात ज्वारीच्या दोन कणग्या होत्या आणि त्यांच्यामागं कायम खुडबुड असायची. इतकी सवय की ऐकू येत नसे. ती थांबली. माणूस बोलता बोलता थांबला की आपण मान वर करून बघतो, तसं मी मध्येच कणगीकडं बघायचो. केवळाही बघायची. नजरानजर झाली की ती बैलांच्या खुराकाचं काढायची. "लाल्याला गूळ कमी केलाव का? पोट सुटलंय त्याचं." कुठलं पोट. लाल्याच्या बरगड्या मोजता येत होत्या.

गाव मात्र रंगात आलं होतं. देवळात निशाणासाठी कोनाडा सारवून ठेवला. पाटील स्वतः गोठ्यात येऊन बाज्याच्या पाठीवरनं हात फिरवून गेला. उकिरड्यापासून पाच पावलांवर उभा राहून मला म्हणाला, "गड्या, गावाचं नाक तुझ्या हाताय." तेव्हा सांगता आलं असतं. मी त्याला पान दिलं.

चौथ्या दिवशी आम्ही निघालो. पटाचं गाव सहा कोस. त्या गावाचं नाव मी लिहीत नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे. पुढं बैल घेऊन मुंजा, मागं शेजाऱ्याचे बैल जुंपलेल्या मोठ्या गाडीत मी, छकडा आणि आमच्या गोठ्यातला कडबा, कारण पळायचा बैल परका चारा खात नाही. केवळानं चाकांवर पाणी घातलं, बैलांना भाकरीचा तुकडा दिला. मग दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

"काय झालं गं?"

"काय न्हाई. आंग मोडून आलंय."

"ज्वारी काढलीस न्हवं दोन दिस, त्यानं."

"त्यानंच," ती म्हणाली.

मुंजा ओरडला, "आक्का, निशाण आणल्यावर पुरणपोळी पायजे! गुळवणी न्हाई, दूध!"

"आधी आण तर मेल्या," ती म्हणाली. तोंडानं हसत होती. डोळे लाल होते. चुलीच्या धुरानं होतात तसे लाल. मला चुलीचा धूरच वाटला, कारण मला तोच पाहिजे होता.

पटाच्या गावी आमचा उतारा सोपानरावाकडं. हा म्हातारा त्या पटाचा पंच, हयातभर बैल बघितलेला. त्यानं अंगणात जागा करून दिली, आम्ही कडबा तिथं उतरवला. त्याच्या तीन नाती त्या पेंढ्यांवर चढून उड्या मारायला लागल्या. मी ओरडलो, "ए, उतरा खाली!" म्हातारा म्हणाला, "खेळू दे रं. पोरींच्या उड्यानं काय कडबा झिजतुय?" मी गप्प बसलो. त्या पोरींच्या उघड्या पोटऱ्या मला आजही दिसतात, कडब्याची कुसळं लागलेल्या. दुसरं काही दिसलं नाही तरी त्या दिसतात.

आणि पट. पोरं हेच विचारतात तेव्हा हे सांगतोच.

पटाची धाव म्हणजे सरळ नांगरून वखरलेली पट्टी, दोन छकडे शेजारी-शेजारी सुटायचे. आधी सकाळभर बाकीच्यांच्या धावा झाल्या. दुपार कलली तेव्हा आम्ही आणि तो कापूसवाला उरलो. त्याची जोडी देखणी, पांढरी शुभ्र, शिंगांना पितळी टोपणं. त्याचा माणूस आमच्याकडं बघून म्हणाला, "ही तांबडी वासरं कुठल्या बाजारातनं आणलीत रं?" मुंजा म्हणाला, "माघारनं नीट दिसतेत. दिसतीलच तुला आता."

रुमाल पडला. बैल सुटले.

मी जन्मात तसं पळणं बघितलं नाही. बाज्या-लाल्या आधीचे तीन पट जिंकले होते ते हातभर, दोन हात अशा अंतरानं, दम काढून. त्या दिवशी ते पळत नव्हते, कशापासून तरी सुटत होते. माना खाली, शेपट्या ताठ, मुंजा पुढं वाकलेला, त्यानं एकदाही चाबूक उचलला नाही. अर्ध्या पट्टीवर एक बाभूळ होती. आमचा छकडा शेवटच्या दोरीवर पोचला तेव्हा पांढरी जोडी त्या बाभळीपाशी होती. अर्ध्या पट्टीचं अंतर. हजारभर माणूस जमला होता आणि कोणी ओरडलंच नाही. धूळ खाली बसेपर्यंत नुसती शांतता. मग एकदम दंगा उठला, गुलाल उठला, मला कोणी उचललं, मुंजाला कोणी उचललं.

सोपानराव मात्र बैलांपाशी गेला. त्यांच्या नाकपुड्या बघितल्या, छातीला हात लावला. मला म्हणाला, "इतकं पळणं चांगलं नसतंय गड्या. घरी गेल्यावर यांची दृष्ट काढ." मग निशाण माझ्या हातात दिलं. वेळू गार लागला. मला आनंद झाला का? झाला. खोटं कशाला बोलू. लय आनंद झाला. त्या घटकेला मला उंदीर आठवला नाही, केवळाचे डोळे आठवले नाहीत. माझ्या आयुष्यातला तेवढा एक तुकडा निव्वळ आनंदाचा आहे, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटते.

उरलेला कडबा आम्ही सोपानरावाच्या अंगणातच ठेवला. जिंकलेल्यानं चारा परत न्यायचा नाही, पाहुणचार करणाऱ्याच्या जनावरांना ठेवायचा, अशी तिथली पद्धत. म्हाताऱ्यानं पेंढी हुंगून बघितली आणि खूश झाला.

दुसऱ्या दिवशी गावात शिरलो तेव्हा हलगी वाजत होती. पाटलानं माझ्या गळ्यात हार घातला. बाया ओवाळायला आल्या. केवळा नव्हती. मी तसाच गुलालानं माखलेला घरात गेलो. ती भिंतीकडं तोंड करून पडली होती. जवळ बसलो तर अंगाची आच दुरून लागत होती.

"जितलाव?" तिनं विचारलं.

"जितलो."

"कितीनं?"

"अर्ध्या पट्टीनं."

"आई गं," ती म्हणाली. "मुंजा पडला न्हाई न्हवं?"

"न्हाई."

मग तिनं लुगड्याखाली हात नेला, मांडीच्या सांध्याला लावला आणि माझ्याकडं बघितलं. दाखवलं नाही. गरज नव्हती. बाहेर हलगी चालूच होती.

"पट झाला," ती म्हणाली. "आता सांगा पाटलाला."

मी म्हणालो, "सकाळी सांगतो."

हे वाक्य मी इतक्या वेळा मनात बोललोय की आता त्याला अर्थ उरला नाही. दाराबाहेर सगळं गाव नाचत होतं. पहिल्यांदाच माझ्या नावानं नाचत होतं. मला तेवढी एक संध्याकाळ पाहिजे होती. केवळानं डोळे मिटले. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

सकाळी ती बरळायला लागली. कोणाला तरी म्हणत होती, आजून बोलायलंय, फिरवा. शेजारची म्हातारी डोकावली, वास आला तशी पदर नाकाला लावून मागं सरली आणि ओरडतच गेली. मला सांगावं लागलंच नाही. घटकाभरात दवंडी झाली. दुपारपर्यंत गाव रिकामं. हार, गुलाल, सारवलेला कोनाडा, सगळं टाकून माणसं माळावर गेली. जाताना कोणी आमच्या दाराकडं बघितलं नाही. उन्हं उतरायच्या आत केवळा गेली.

खांदा द्यायला मी आणि मुंजा, दोघंच. दोघांनी तिरडी निघत नाही. मग तिला मोठ्या गाडीत ठेवलं आणि बाज्या-लाल्या जुंपले, घरात दुसरे बैल नव्हते. आणि बैल हळू चालेनात. त्यांना जुवाखाली फक्त पळायचं ठाऊक होतं. रिकामी गल्ली बघितली की ते उसळायचे, त्यांना वाटायचं पट्टी मोकळी केलीय. मुंजा दोघांच्या वेसणी धरून उलटा चालत होता, त्यांच्या तोंडाशी तोंड नेऊन "हळू रं, हळू माझ्या राजा" म्हणत होता, आणि मी गाडीत केवळाला धरून बसलो होतो, ती घरंगळू नये म्हणून. आता शिवायला काही हरकत नव्हती. पट झाला होता.

सरण पेटल्यावर मुंजानं विचारलं, "दाजी, उंदीर कवा पडला?"

मी सांगितलं.

"तुमाला ठावं व्हतं?"

"व्हय."

"आक्काला?"

"तिनंच पुरला."

त्यानं बैल सोडले, त्यांना घेऊन गेला. त्यानंतर तो माझ्याशी कधी बोलला नाही, म्हातारा होऊन मेला तोवर. मी त्याला दोष देत नाही.

मी घरी आलो. उजेड थोडा होता. उकिरड्यावर गेलो, का ते माहीत नाही. तिथं माती तीन ठिकाणी हललेली होती. एक मी बघितलेलं. दोन ठिकाणं नवी. म्हणजे मी असतानाच, नाहीतर मी गेल्यावर, आणखी दोन पडले होते आणि ते तिनं एकटीनं पुरले. मला सांगितलं नाही. जू पुजलेल्या माणसापुढं रडगाणं बोलायचं नसतं. मी गावापासून लपवलं, तिनं माझ्यापासून लपवलं. मी तिला तेवढंच शिकवलं होतं.

तिथं उभं असताना मला सोपानरावाचं अंगण दिसलं.

सकाळी तांबडं फुटायला मी निघालो. माळावरनं जाताना पाटलानं झोपडीतनं हाक मारली, लांबूनच. "कुठं निघालास?" मी सांगितलं. तो म्हणाला, "येडा हायस का? त्यांच्यात रोग निघालाच तर म्हणतील कुठनंतरी आला. तू जाऊन सांगितलंस तर निशाण जाईल, वर सात गावात आपल्याला पाणी देणार न्हाईत. तुझं जायचं ते गेलं. आता गप ऱ्हा." तो वाईट माणूस नव्हता. मी चार दिवस जे मनात बोललो तेच तो तोंडानं बोलला. मी मागं फिरून देवळात गेलो, निशाण काढलं आणि चालायला लागलो.

सहा कोस चाललो. वाटेत कोणाच्या जवळून गेलो नाही. त्या गावच्या शिवेवर पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. तिथंच थांबलो. खळ्यावरच्या कोणीतरी निशाण ओळखलं आणि बोंब ठोकली, "निशाणवाला आला रं!" माणसं गोळा झाली. एक बाई ताटात निरांजन घेऊन आली. सोपानराव काठी टेकत पुढं, कडेवर त्या तिघींतली धाकटी नात. पोर मान टाकून त्याच्या खांद्यावर पडली होती. झोपली असेल. मी झोपलीय असंच धरून चाललो.

"जवळ येऊ नका," मी ओरडलो.

कोणीतरी म्हणालं, "अर्ध्या पट्टीनं जितला आन् माजला बघा!" माणसं हसली.

मी निशाण भुईवर आडवं ठेवलं आणि मागं सरलो. म्हणालो, "गाव सोडा. आमचा कडबा जाळा, हात न लावता जाळा. माझ्या गोठ्यात उंदीर पडला. माझी बायको काल गेली."

हसणं थांबलं. बाईनं ताट खाली ठेवलं. सोपानराव माझ्याकडं बघत राहिला, मग पोरीच्या कपाळाला हात लावला, मग परत माझ्याकडं बघितलं. सावकाश, लहान लेकराला विचारावं तसं त्यानं विचारलं, "तू हितनं गेल्यावर पडला न्हवं? पट झाल्यावर?"

म्हाताऱ्यानं मला वाट करून दिली होती. नुसती मान हलवायची होती.

"न्हाई," मी म्हणालो. "आधी."